मित्राची साइट आणि त्याचं सोशल मीडियावरचं पान

मालवणातल्या माझ्या मित्राची दोन्ही आहेत. सोशल मीडियावर फोटो मिनिटभरात चढतो, ओळखीचे लगेच बघतात. महिन्याभराने तोच फोटो शोधा, नाकी नऊ येतात.

साइट मात्र त्याने एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकून स्वतः लिहिली. १९९१ची जगातली पहिली साइटही अशीच होती, साधा मजकूर आणि दुवे; तीही आज उघडते. त्याच्या साइटवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचा फोटो आहे. जाळ्यातल्या माशावर बोट ठेवलं की मालवणी नाव येतं: पेडवो, बांगडो. ही नावं त्याने आईला विचारून एकेक टाइप केलीत. सिंधुदुर्ग किल्ल्याचं पान अर्धवट आहे, फक्त ‘पायाभरणी १६६४’ एवढंच. तरी मला साइटच आवडते. कालच त्याला फोन करून विचारलं, “बाबा, पुढचा मासा कधी?”