लाउंजचं कार्ड: लांब थांब्यावर सहकुटुंब वापरल्यानंतर

विमानतळावरच्या लाउंजमध्ये, म्हणजे बसायच्या-खायच्या खास दालनात, एन्ट्री देणारं बँकेचं कार्ड आमच्याकडे आहे. त्याची फी किती, फुकट एन्ट्र्या किती, ॲड-ऑन कार्डावर (घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाच्या जोडकार्डावर) काय मिळतं, हे लिहीत नाही. ज्यांच्याकडे असं कार्ड आहे त्यांना ते पाठ असतं आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना बँकेचे फोन येतच असतात. मी लिहायला बसले ती स्टेटमेंटमुळे. त्यात लाउंजच्या नावाने १०८ डॉलर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. चार माणसं, माणशी २७ डॉलर. रुपयांत दहा हजारांच्या वर. एवढ्यात आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो, वर दूधवाल्याचंही भागतं.

प्रकार असा. मुंबई-सिंगापूर-मेलबर्न, तिकीट स्वस्तातलं, त्यामुळे थांबा लांबलचक. सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरायचं, पुढचं विमान रात्री. बरोबर सासूबाई आणि सहा वर्षांची लेक. कार्ड आहे ना, मग लाउंजमध्ये पडून राहू, असा आमच्या ह्यांचा बेत.

लाउंजमध्ये एका एन्ट्रीवर सहसा तीन तास मिळतात. काही ठिकाणी तर विमानाच्या तीन तास आधी आतच घेत नाहीत. कार्ड विकणाऱ्या मुलाने सोफे दाखवले, बुफे दाखवला, हे मात्र तोंडातून काढलं नाही. तीन तास संपल्यावर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, थांबा की, फक्त कार्ड पुन्हा स्वाइप करा. ह्यांनी केलं. ती दुसरी स्वाइप म्हणजे चार नव्या एन्ट्र्या. वर लिहिलेले १०८ डॉलर ते हेच.

मला राग पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त त्या तीन तासांचा आहे. अहो, ज्याचा थांबा दोन तासांचा आहे त्याला लाउंज कशाला हवं? तो गेटपाशी बसून वडा खाईल आणि जाईल. लाउंज हवं असतं ते बारा तास अडकलेल्याला, आणि त्यालाच तुम्ही तीन तासांनी उठवता! बरं, हे तीन तास तरी पूर्ण मिळतात का? आमच्या सासूबाई अंघोळ केल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. शॉवरला आमच्या आधी नंबर लागलेले. त्यांची अंघोळ होऊन, केस पुसून, मनातल्या मनात स्तोत्र म्हणून होईपर्यंत पहिला तास केव्हाच गेला होता. शिवाय सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपल्या पोटातले साडेपाच. समोर बुफे मांडलेला आणि भूक कुणालाच नाही. लेक तर खुर्चीतच झोपली. जाग आली तेव्हा खाणं आवरत आणलं होतं आणि वेळही संपत आला होता.

पहिल्या फेरीनंतर मी या कार्डाला पाचपैकी एक दिला असता. परतीच्या वेळी मात्र मी सूत्रं हातात घेतली आणि लाउंज शेवटच्या तीन तासांसाठी राखून ठेवलं. उतरल्यावर फक्त सासूबाईंसाठी पैसे देऊन शॉवर घेतला. बाकी दिवस विमानतळानेच फुकटात काढून दिला. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची दुमजली बाग आहे, तिथून लेक हलेना. त्याच टर्मिनलला फुकट सिनेमा लागतो, अंधार आणि मऊ खुर्च्या, ह्यांनी तिथे छान ताणून दिली. पाय दाबून देणारी यंत्रं जागोजागी आहेत. सासूबाईंनी आधी "मेलं काय करतंय ते" म्हणून पाय काढून घेतला आणि मग तिथून उठायलाच तयार नव्हत्या. पाणी तर सगळीकडे. एवढंच लक्षात ठेवा, टर्मिनल १, २, ३ ला सुरक्षा तपासणी गेटपाशी होते, म्हणजे भरलेली बाटली तिथे ओतावी लागते. आणि अनेक गेटांच्या आत शौचालय नसतं. म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर आधीच जाऊन या.

आता बाहेर पडण्याबद्दल. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा काही देशांपैकी एकाचा चालू व्हिसा असेल, थांबा त्या देशाला जाताना किंवा तिथून येताना असेल आणि पुढचं तिकीट पक्कं असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर जाता येतं. शेवटी सोडायचं की नाही हे इमिग्रेशनवाले ठरवतात. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटा दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. आमच्याकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा होता, म्हणून आम्ही फुकटची शहर-सहल घेतली. साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि चोवीस तासांपेक्षा कमी थांबा असलेल्यांना विमानतळच ती देतो. अडीच तास बसमधून फिरवतात, सोबत माहिती सांगणारा असतो. सासूबाईंनी सगळं बघितलं आणि बसमधून उतरताना विचारलं, "कचरा टाकतात तरी कुठे हे?"

ज्वेल बघायचं तर इमिग्रेशन पार करावं लागतं, ते बाहेरच्या बाजूला आहे. मोशे सफदींनी आखलेली ती काचेची इमारत २०१९ पासून सुरू आहे. मधोमध ४० मीटरचा धबधबा कोसळतो, आणि तो बघायला पैसे लागत नाहीत. भल्या सकाळी जाऊ नका, पाणी उशिरा सुरू करतात. व्हिसाचा मेळ बसत नसेल तर टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन त्याच इमारतीतून जाते. काचेतून दर्शन होतं, आणि परत त्याच गाडीत बसून यायला कुणाची मनाई नाही.

संध्याकाळी लाउंजमध्ये शिरलो तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. शॉवर, जेवण, फोन चार्जिंग, तिन्ही झालं आणि काउंटरकडे बघायची वेळ आली नाही. त्या दिवशी कार्डाने पैसे वसूल करून दिले, हे कबूल. शाकाहारींनी मात्र फार आशा धरू नका. नूडल्समध्ये काय आहे हे तीनदा विचारावं लागतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. ऑस्ट्रेलियाला जाताना असलं खाणं विमानातच संपवा, उरलं तर फॉर्मवर न चुकता लिहा. तिथले लोक याबाबतीत फार कडक आहेत.

दोह्याच्या विमानतळावरही हे कार्ड नेलं होतं, नणंदेकडे लंडनला जाताना. तिथे तर बाहेर काढायचीही गरज पडली नाही. दिव्याखाली बसलेल्या पिवळ्या अस्वलाचा भलामोठा पुतळा, काचेच्या छताखालची झाडांची बाग, आणि पोरांनी चढून खेळावं अशी शिल्पं. लेकीने तिथेच वेळ घालवला. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात तर उलटाच अनुभव. दिल्लीच्या टर्मिनल ३ ला लाउंजबाहेर एवढी रांग, की आत मिळणारे छोले बाहेर विकत घेऊन खाऊनही झाले असते. त्यात आता बँकेची अट, आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच एन्ट्री.

बँकेशी भांडण अजून संपलेलं नाही. कस्टमर केअरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, सिस्टिममध्ये आठ व्हिजिट दिसतायत." दिसणारच! ईमेलवर ईमेल केल्यावर आमच्या दोघांचे पैसे परत आले, कारण आमच्या फुकट एन्ट्र्या शिल्लक होत्या आणि तरीही त्यांनी पैसे कापले होते. सासूबाई आणि लेक मात्र गेस्ट, त्यांचे पैसे गेले. लाउंजने दिलेल्या चिठ्ठीचा फोटो ह्यांच्या फोनमध्ये होता म्हणून एवढं तरी मिळालं. तेव्हा चिठ्ठी टाकू नका. आणि कुणी "पुन्हा स्वाइप करा" म्हटलं तर आधी विचारा, वेळ वाढवताय की नवी एन्ट्री धरताय.

यंदा फी माफ केली तर कार्ड ठेवणार, नाहीतर बंद. ह्यांचं म्हणणं वेगळं आहे, पण बिल मी भरते.

आणि हो, लाउंजच्या शॉवरला टॉवेल मिळतो. पण घरात कुणाला दुसऱ्याचा टॉवेल चालत नसेल तर पंचा हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत गेला तर तो थेट मेलबर्नलाच भेटतो.