सोडियम बेंझोएट आणि केएमएसच्या पुड्या: माल चांगला, सूचना अर्धवट

केकच्या सामानाच्या दुकानात छोट्या पाकिटांतून मिळणाऱ्या, सरबत टिकवण्यासाठीच्या या दोन पुड्या घरगुती सरबतवाले सर्रास एकमेकींच्या जागी वापरतात. मालाबद्दल तक्रार नाही. बेंझोएट पांढरंशुभ्र आणि कोरडं. केएमएसचं (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पाकीट फोडताच जळत्या काडीसारखा झणझणीत वास येतो, म्हणजे ताजं. वास मेलेला, गुठळ्या झालेल्या असतील तर घेऊ नका. हवा लागून त्याचं सल्फेट होतं आणि मग ते काहीच टिकवत नाही.

गुण कापले ते पाकिटावरच्या सूचनांचे. 'लिटरला पाव चमचा' म्हणजे कोणता चमचा? फळ उत्पादन आदेशापासून (१९५५) स्क्वॅशसाठी (पाकातलं घट्ट सरबत) चालत आलेली मर्यादा आहे ६०० पीपीएम (दहा लाखात ६०० भाग) बेंझोइक आम्ल किंवा ३५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे केएमएसमधून सुटणारा वायू. पुडीच्या हिशेबात, तयार स्क्वॅशच्या किलोला ०.७ ग्रॅम बेंझोएट किंवा ०.६ ग्रॅम केएमएस. लिटर नव्हे, किलो. पाकामुळे लिटरभर स्क्वॅश किलोपेक्षा जड भरतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्याच, आणि एका वेळी निदान पाच किलो करा, म्हणजे काट्याची चूक नगण्य राहते.

त्याहून मोठी चूक म्हणजे बेंझोएटच्या पाकिटावर 'सर्व फळांसाठी' असं छापलंय. लिंबू, संत्रं, आवळा यांत क जीवनसत्त्व भरपूर. तांबं किंवा लोह अगदी लेशभर असलं तरी हे जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने हायड्रॉक्सिल रॅडिकल (फार क्रियाशील कण) तयार करतं, आणि हा रॅडिकल बेंझोइक आम्लातला कार्बोक्सिल गट उडवून बेंझिन मोकळं करतो. ऊन आणि उष्णतेने वेग वाढतो, साखरेने मंदावतो. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आवळ्याचा रस ठेवून त्यात बेंझोएट घालणं म्हणजे या क्रियेला लागणारं सगळं हाताने पुरवणं. बेंझोएट स्वतः यकृतात ग्लायसिनशी जोडलं जाऊन हिप्युरिक आम्ल म्हणून लघवीवाटे जातं, भीती बेंझिनची. शरीरात त्याची क्विनोन बनतात, गुणसूत्रं तुटतात, आणि रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध आहे. अमेरिकेत २००६च्या सुमारास काही शीतपेयांत ते ५ पीपीबीच्या (अब्जात ५ भाग) वर सापडल्यावर उत्पादकांनी घटक बदलले होते.

म्हणून आवळा-लिंबाला केएमएस. कोकम-जांभळाला मात्र बेंझोएटच, कारण केएमएस त्यांचा रंग उडवतं.

केएमएस पाण्यात विरघळून होणारं बायसल्फाइट डीएनएतल्या सायटोसिनचं युरॅसिल करतं, म्हणजे त्याच्या संदेशातलं एक अक्षर बदलतं, हे खरं. प्रयोगशाळेत त्याचा वापरच त्यासाठी होतो. पण तिथली तीव्रता स्क्वॅशच्या काहीशे पट असते, आणि शरीरात सल्फाइट ऑक्सिडेज त्याचं सल्फेट करून टाकतं. दम्याच्या रुग्णाला मात्र एवढंही सोसेलच असं नाही. बाटली विकत असाल तर सल्फाइट असल्याचं लेबलवर ठळक लिहा.

घालताना पाक पूर्ण गार हवा, नाहीतर केएमएसचा वायू उडून जातो. दोन्ही पुड्या आधी चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. बेंझोएट थेट आंबट रसावर भुरभुरलं तर बेंझोइक आम्लाचे पांढरे कण तळाशी बसतात, आणि वरच्या स्क्वॅशला बुरशी येते.

पाकिटावर 'खाद्य दर्जा' आणि आयएनएस (खाद्यपदार्थांतल्या मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) २११ किंवा २२४ छापलेलं बघा, अनुक्रमे बेंझोएट आणि केएमएससाठी. रसायनांच्या दुकानातली सुटी पूड स्वस्त पडते, पण तिच्यात शिसं-आर्सेनिक नसल्याची हमी कोणी देत नाही. पुड्यांना पाचपैकी चार, सूचनांना एक.