प्रयोगशाळेचा विभाग की क्लिनिकचा? मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाआधी

मानसशास्त्र विभागांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचली तर सगळी एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटतात. 'संशोधन आणि प्रत्यक्ष अनुभवाचा मेळ' प्रत्येकात असतोच. प्रत्यक्षात बहुतेक विभागांचा कल एकीकडे असतो: काहींचा जीव प्रयोगशाळेत, काहींचा क्लिनिकमध्ये. हा दुभंग जुना आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, आणि त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केलेल्या लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्राचं क्लिनिक. अमेरिकेत चिकित्सकांच्या प्रशिक्षणावर झालेल्या १९४९ च्या बोल्डर परिषदेने चिकित्सक हा संशोधकही असावा असं ठरवलं. १९७३ च्या व्हेल परिषदेने निव्वळ व्यावसायिक प्रशिक्षणालाही मान्यता दिली. ते भांडण अजून मिटलेलं नाही, आणि वेळापत्रकात ते स्पष्ट दिसतं.

अभ्यासक्रम

प्रयोगशाळेकडे कललेल्या विभागात पहिलं वर्ष संख्याशास्त्र, संशोधनपद्धती आणि प्रयोगांची आखणी यांत जातं, दुसरं प्रबंधात. माणसांशी बोलायला आवडतं म्हणून आलेल्यांचा इथे हिरमोड होतो. क्लिनिककडे कललेल्या विभागात मानसविकार, चाचण्या, मुलाखत घेण्याचं कौशल्य, उपचारपद्धती आणि मग प्रत्यक्ष केसेस. इथे 'इतके तास प्रॅक्टिकम' (म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव) या आकड्याला फार भाळू नका. त्या तासांतले किती तास समोर खरोखर कुणी बसलेलं असतं आणि किती रजिस्टर भरण्यात जातात, हे विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुपरव्हिजन, तुमच्या कामावर अनुभवी माणसाची देखरेख. पर्यवेक्षक तुमच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकतात, की तुम्ही सांगाल तेवढ्यावर सही करतात? नवशिक्याला आपली चूक दिसतच नाही, मग तो ती सांगणार कुठून! एका पर्यवेक्षकामागे विद्यार्थी फार असतील तर बाकीच्या सोयींना मी तरी फारसं महत्त्व देणार नाही.

संशोधन

इथे प्रयोगशाळेचा विभाग उघडच पुढे असतो. पण उपकरणांच्या यादीवर जाऊ नये. ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विद्युत हालचाल मोजण्याचं तंत्र) मेंदूतल्या घडामोडींची वेळ मिलिसेकंदांपर्यंत टिपतो, जागा मात्र ढोबळ सांगतो; एफएमआरआय (काम करणाऱ्या मेंदूचं चित्र काढणारा स्कॅन) जागा मिलिमीटरांत दाखवतो, पण तो रक्तप्रवाहावर चालत असल्याने त्याचा संकेत काही सेकंद मागे असतो. दोन्ही यंत्रं असूनही पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्यांच्या वाटेला जाता येत नसेल, तर ती फक्त फोटोपुरती.

मी आधी वेगळीच गोष्ट बघेन. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येण्याजोगा) होता, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांत. तेव्हापासून गृहीतक आणि विश्लेषणाची योजना आधीच नोंदवणं, विदा (डेटा) खुला ठेवणं, नमुना पुरेसा मोठा घेणं याला महत्त्व आलं. विभागातले अलीकडचे प्रबंध मागून वाचा. यातलं काहीच दिसलं नाही, तर प्रयोगशाळा कितीही चकचकीत असो, शिकवण जुनीच आहे. क्लिनिकच्या विभागात संशोधन लहान असतं: चाचणीचं स्थानिक भाषेत रूपांतर, मुलाखतींवर आधारलेले अभ्यास, उपचारांच्या परिणामांच्या नोंदी. रुग्णांपर्यंत पोहोचणं आणि नैतिक समितीची मंजुरी यांत महिने जातात, म्हणून संख्या कमी असणं हा दोष मानू नये.

कार्यक्रम

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाची पोस्टर्स दोन्हीकडे लागतात, त्यावरून काही ठरत नाही. मोठ्या पाहुण्यांची व्याख्यानंही तशीच. पाहायचं ते नेमाने होणाऱ्या छोट्या बैठकांकडे: एकीकडे जर्नल क्लब (नवे शोधनिबंध वाचून चर्चा) आणि लॅब मीटिंग, दुसरीकडे केस कॉन्फरन्स (एकेका रुग्णाच्या केसवर चर्चा). एखाद्या बैठकीला मागे बसायची परवानगी मागा. केस कॉन्फरन्समध्ये मात्र गोपनीयतेमुळे नकार मिळू शकतो, आणि तसा नकार मिळाला तर विभागाबद्दल माझं मत चांगलंच होईल. बैठकीत विद्यार्थी प्राध्यापकांना अडवून प्रश्न विचारतात का, एवढं बघून या.

मग कुठे?

समुपदेशन किंवा चिकित्सा हाच व्यवसाय करायचा असेल, तर तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेला ही पदवी चालते का, हे सगळ्यात आधी तपासा. चालत नसेल तर विभाग कितीही नावाजलेला असो, यादीतून काढा. पीएचडीकडे जायचं असेल तर प्रयोगशाळा, आणि तीही विभागाच्या नावावर नव्हे, मार्गदर्शक बघून.

अजून काहीच ठरलं नसेल तर माझा कौल प्रयोगशाळेच्या बाजूने. चिकित्सेचं प्रशिक्षण पुढेही रीतसर घेता येतं. संख्याशास्त्र आणि पद्धती मात्र नंतर एकट्याने बसून शिकणारे फार थोडे. फक्त परवान्याचा रस्ता याच पदवीतून जात असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: गेल्या सत्रात सुपरव्हिजन किती वेळा रद्द झालं?