सोलमधला शनिवारचा गुगाक कार्यक्रम: कुठे बसावं, काय ऐकावं

कोरियाचं जुनं संगीत एकाच बैठकीत, उत्तम वादकांकडून आणि परवडेल अशा दरात ऐकायचं असेल, तर सोलच्या राष्ट्रीय गुगाक (म्हणजे पारंपरिक कोरियन संगीत) केंद्रातला शनिवार दुपारचा कार्यक्रम गाठावा. दरबारी वादन, पानसोरी म्हणजे कथागायन, सांजो म्हणजे एकल वादन, नृत्य आणि तालवाद्यं यांतले पाच-सहा प्रकार सव्वा तासाच्या आसपास सादर होतात. तिकिटं साधारण 10 ते 20 हजार वोनची. प्रयोग बहुधा दुपारी 3 वाजता असतो, पण हंगामाप्रमाणे वेळ आणि कार्यक्रम बदलतो, म्हणून त्या शनिवारी काय आहे हे केंद्राच्या संकेतस्थळावर पाहूनच तिकीट काढा.

कार्यक्रम होतो ते उम्यॉनदांग सभागृह लहान आहे आणि तिथे माइक न लावता वाजवतात. हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पण म्हणूनच जागा विचार करून निवडावी लागते. पिरी हे बोटभर जाडीचं बांबूचं वाद्य दिसायला किरकोळ, पण त्याची पत्ती रुंद आणि आवाज दणदणीत. पहिल्या रांगेत बसलात तर पिरीपुढे कायागम या आडव्या तंतुवाद्याच्या रेशमी तारा ऐकूच येत नाहीत. मधल्या रांगा घ्या. फक्त सांजो असेल तेव्हा पुढे बसण्यात अर्थ आहे, कारण तार दाबून स्वर कसा हलवतात ते डाव्या हातावर दिसतं.

यादीत सुजेचॉन ही दरबारी रचना असेल तर तो शनिवार सोडू नका. सुरुवातीला बाक वाजतो: सहा लाकडी पट्ट्यांची जुडी, एकच टाळी. मग जांगू या दुतोंडी ढोलाचा ठोका आणि पिरीची मुख्य धून. ओळ संपत आली की पिरी थांबते आणि तेगम बासरी, हेगम वगैरे वाद्यं तोच धागा पुढे ओढतात. या पद्धतीला यॉनम म्हणतात. लय अतिशय संथ असते आणि ठोक्यांमधलं अंतर समान नसतं. सम शोधत बसलात तर पाच मिनिटांत कंटाळाल. पिरी कुठे सोडते आणि बाकीचे कुठे उचलतात एवढंच धरून ऐका, रचना आपोआप उलगडते.

हेगमकडे मुद्दाम लक्ष द्या. ही दोन तारांची उभी सारंगी चीनकडून आली. गजाचे केस दोन तारांच्या मधून जातात, तसेच चिनी अरहूतही जातात. पण अरहूला आज पोलादी तारा आणि अजगराचं कातडं असतं, तर हेगमला रेशमी तारा आणि ओडोंग लाकडाची पातळ तबकडी. हेगमवादक मुठीत तारा आवळून स्वर चढवतो. त्यामुळे आवाज किंचित नाकातला, खरखरीत येतो. तो दोष नव्हे, तोच कोरियन कानाला हवा असलेला आवाज आहे.

बाहेरून आलेलं आपलंसं कसं केलं, हा प्रश्न या संगीतात शतकानुशतकं आहे. 1116 साली चीनच्या सोंग दरबाराने कोर्योला (तेव्हाच्या कोरियन राज्याला) विधिसंगीताची वाद्यं पाठवली. पुढे राजा सेजोंगच्या काळात, 1427 मध्ये, दरबारातल्या संगीततज्ज्ञ पाक यॉनने देशातल्याच नामयांगच्या दगडातून सोळा शिळांचं वाद्य घडवलं. त्यात दगड जाड तितका स्वर उंच. थंडी-दमटपणाने स्वर फारसा सरकत नाही, म्हणून बाकीची वाद्यं त्यावरून लावता येतात. पूर्वज जिवंतपणी देशी संगीत ऐकत होते, मग मेल्यावर त्यांना चिनी संगीत का ऐकवायचं, असा सवाल सेजोंगनेच केला होता. त्याच्या काळातल्या देशी धाटणीच्या रचना 1464 मध्ये जोंगम्यो या राजघराण्याच्या पूर्वज-मंदिरात विधीसाठी रुजू झाल्या. जपानी राजवटीत दरबारी वादकांचा ताफा आक्रसत गेला. जे उरलं त्याचा वारसा घेऊन हे केंद्र 1951 मध्ये, ऐन कोरियन युद्धात, बुसानला सुरू झालं.

माझी तक्रार एकच, पण मोठी आहे. वेळेत बसवायचं म्हणून मोठ्या रचनांचे तुकडे पाडले जातात. पूर्ण पानसोरी कित्येक तास चालते, इथे एखादाच प्रसंग मिळतो. दरबारी वादनाची शांतता कानात मुरायच्या आत सामुलनोरीच्या गाँग-ढोलांचा गजर सुरू होतो. सामुलनोरी हा रंगमंचीय प्रकार मुळात 1978 चा. शेतकरी वाद्यवृंदातून चार वाद्यं निवडून तो उभा राहिला. हे ठाऊक नसेल तर शेजारी वाजणारं सगळंच सारखंच प्राचीन वाटतं, आणि मंचावरची मांडणी तो गैरसमज दूर करत नाही. ओळीने पाच-सहा प्रकार ठेवण्यापेक्षा दोनच पूर्ण रचना असलेला शनिवार निवडा.

दाद देण्याचे संकेतही वेगळे. पानसोरी आणि सांजोत ‘ऑल्शिगू’, ‘चोता’ अशी दाद मधेच दिलेली चालते, हवीच असते. दरबारी संगीतात मात्र शेवटी बाकाचे तीन ठोके पडेपर्यंत गप्प राहायचं.

मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर नाम्बू टर्मिनल स्थानक, निर्गमद्वार 5. तिथून चढाचा रस्ता आहे, पायी 15 मिनिटं धरा. उशीर झाला तर रचना संपल्यावरच आत सोडतात. तासभर आधी पोहोचून आवारातलं विनामूल्य गुगाक संग्रहालय पाहिलंत तर मंचावरची वाद्यं ओळखू येतील. जोंगम्योचं विधिसंगीत विधीसकट पाहायचं असेल, तर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी थेट जोंगम्योलाच जा.