जेक्वेरी सोडून आठ महिने झाले

आमच्या वाचनालयाच्या पुस्तकयादीचं पान मी सांभाळतो. २००६ साली जॉन रेसिगने आणलेल्या जेक्वेरीवर (जावास्क्रिप्टमधल्या तयार कोडच्या फाइलवर) ते वर्षानुवर्षं चालत होतं आणि तिचे उपकार मी विसरणार नाही. पण ब्राउझरमध्येच आता पानावरचा घटक शोधणारा क्वेरीसिलेक्टर आणि घटकाला क्लास (रूप ठरवणारं नाव) लावणारी-काढणारी क्लासलिस्ट आहेत, तेवढ्यासाठी वेगळी फाइल कशाला, म्हणून आठ महिन्यांपूर्वी ती काढून टाकली.

पहिल्याच आठवड्यात दणका बसला. मुदत उलटलेल्या पुस्तकांची ओळ लाल दिसते. 'सगळं पुसा' बटण दाबलं तर एक सोडून एक ओळ लालच! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मी लाल क्लास असलेल्या ओळी गोळा केल्या होत्या गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने, म्हणजे क्लासवरून घटक शोधणाऱ्या फंक्शनने. ती यादी जिवंत असते: ओळीवरून क्लास काढला की ती ओळ यादीतून गळते, मागची पुढे सरकते आणि एकेक ओळ घेत जाणारा लूप तिला ओलांडून जातो. क्वेरीसिलेक्टरऑलची (जुळणारे सगळे घटक देणाऱ्या फंक्शनची) यादी घेतली त्या क्षणी गोठलेली असते. ती वापरली, तेव्हा सगळ्या ओळी साफ झाल्या.

दुसरी अडचण आयडीची, म्हणजे घटकाच्या स्वतंत्र नावाची. दाखल क्रमांक हाच मी ओळीचा आयडी ठेवला होता. इंग्रजी आकड्याने सुरू होणारा आयडी हॅश (#) लावून मागितला की क्वेरीसिलेक्टर सरळ एरर देतो. गंमत म्हणजे मराठी आकडा त्याला चालतो. मी आयडीच्या आधी एक अक्षर जोडून मोकळा झालो.

जेक्वेरीला घटक सापडला नाही तरी ती गप्प पुढे जायची. इथे नल, म्हणजे 'काहीच नाही', हाती येतं, पुढची ओळ कोसळते. सुरुवातीला वैताग आला, आता हेच बरं वाटतं, चूक तिथल्या तिथे कळते.

आणि एक सवय मात्र मनापासून सांगतो. स्क्रिप्टमधून रंग लिहू नका. मी काही ठिकाणी घटकाच्या स्टाइलमध्ये थेट लाल रंग भरत होतो. रात्रीसाठी काळी थीम केली तेव्हा तो लाल हटेना, कारण घटकावर थेट लिहिलेली स्टाइल स्टाइलशीटला (पानाच्या रूपाचे सीएसएस नियम असलेल्या फाइलला) जुमानत नाही. हटवायला स्टाइलशीटमधल्या नियमांना इम्पॉर्टंट (!important) लावत बसावं लागतं. आता स्क्रिप्ट फक्त क्लास लावते-काढते, रंगाचा निर्णय सीएसएसचा. क्लासलिस्टच्या टॉगलला (क्लास लावणाऱ्या-काढणाऱ्या फंक्शनला) हो-नाही सांगणारा दुसरा आर्ग्युमेंट देता येतो, हे तर फार उपयोगी: मुदत उलटली असेल तर क्लास लागतो, नसेल तर निघतो, इफ-एल्स लिहावंच लागत नाही.

जुनं पान नीट चालत असेल तर मोडू नका. नवं करायला घेताय, तर जेक्वेरीची गरज नाही.