डाव्या कानातला पिस्टन: अकरा महिन्यांनंतर (आणि जिभेबद्दल जरा जास्तच)

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "डावा झकास जमलाय, आता उजवाही करून टाकू." मी विचारलं, "आणि जीभ?" त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं, जणू मी चुकीच्या दवाखान्यात शिरलेय. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचंच.

मला ओटोस्क्लेरोसिस, म्हणजे कानातलं एक बारीक हाड जाम होण्याचा आजार. आवाज आत पोचवणाऱ्या तीन हाडांपैकी हातोडी ठीक, ऐरण ठीक, पण रिकिबीच्या तळाशी हाड वाढून ती जाम झालेली. हवेतून ऐकण्याचा माझा आकडा ५५ डेसिबल, हाडातून १५ (आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं). ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, २००० हर्ट्झपाशी या आजारात नेहमी दिसणारा खड्डाही होता. डॉक्टरांनी ५१२ हर्ट्झचा नादचिमटा वाजवून कानापुढे धरला तर ऐकू येईना, मागच्या हाडावर टेकवला की ठणठणीत. म्हणजे आतली नस शाबूत, वाटेतलं दार अडलेलं.

आधी चार वर्षं कानाचं मशीन लावलं. मशीनबद्दल तक्रार नाही, सेलांबद्दल आहे. ते झिंक-एअरचे. स्टिकर काढलं की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो. मग मशीन लावा नाहीतर डबीत ठेवा, तो आपल्या गतीने संपणारच. रात्री स्टिकर परत चिकटवून ठेवायची काटकसरही करून पाहिली. फार काही वाचलं नाही. खरं सांगायचं तर ऑपरेशनला हो म्हणताना ऐकण्याची ओढ निम्मी होती आणि सेलांचा राग निम्मा.

ऑपरेशन स्टेपिडोटॉमीचं, फक्त कानापुरती भूल देऊन. पडदा पुढे दुमडायचा, रिकिबीचा वरचा भाग काढायचा, तळपट्टीला बारीक भोक पाडायचं, त्यात ०.६ मिलिमीटर जाडीचा पिस्टन सोडायचा आणि त्याचं वरचं टोक ऐरणीला अडकवायचं. पिस्टन बसला त्या क्षणी खोली गर्रकन फिरली. आणि मग ट्रेमध्ये ठेवलेल्या कात्रीचा आवाज आला. किण्ण. नुसता आवाज नाही, त्याचं शेपूटही ऐकू आलं. डॉक्टर हळूच काहीतरी म्हणाले आणि मी उत्तर दिलं. डोळ्यांतून पाणी आलं ते भुलीमुळे नव्हतं. दहा मिनिटांत कानात बोळे भरले आणि खेळ बंद. आठवडाभर फक्त ट्रेलर आठवत पडून राहिले.

आता जीभ. पडद्याच्या लगेच मागून, हातोडी आणि ऐरण यांच्या मधून कोर्डा टिंपनी नावाची नस जाते. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव ती मेंदूकडे नेते. जिभेची वायर कानातून कुणी नेली, हे त्या वायरमनलाच ठाऊक. याच आजारावर १९३८ मध्ये लेम्पर्ट नावाच्या सर्जननी आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकेला नवीन खिडकी पाडून आवाजाला वेगळाच रस्ता काढून दिला. १९५६ मध्ये सर्जन जॉन शे यांनी अडकलेली रिकीबच काढून तिथे टेफ्लॉनची बसवली. आता लेझरने भोक पाडतात. सगळं बदललं, पण ही नस आहे तिथेच, नेमकी वाटेत. माझी नस कापली नव्हती, बाजूला करताना ताणली गेली होती. डॉक्टरांच्या मते ताणलेली नस कधीकधी कापलेलीपेक्षा जास्त कटकट करते.

करते! जिभेच्या डाव्या कडेला दिवसरात्र नाणं ठेवल्यासारखं. टूथपेस्ट अर्ध्या तोंडात गोड, अर्ध्या तोंडात गंजकी. मी रोज सकाळी आरशासमोर मिठाचा कण आधी उजवीकडे, मग डावीकडे ठेवून बघायची. उजवीकडे मीठ, डावीकडे वाळू. संमतीपत्रात चवीबद्दल एक ओळ होती. १०० पैकी साधारण एकाचा कान पूर्ण जाऊ शकतो, ही ओळ मी शांतपणे वाचली होती. चवीची ओळ मात्र वाचूनही डोक्यात शिरली नव्हती. फोनवर डॉक्टरांच्या सहायकाशी दोनदा वाजलं. "मॅडम, ऐकू येतंय ना?" एवढंच तो म्हणायचा.

तिसऱ्या महिन्यात या लेखाचा पहिला मसुदा लिहिला, पाचपैकी दोन तारे देऊन. आज तो वाचून थोडी लाज वाटते. तेव्हाच्या ऑडिओग्राममध्ये हवेचा आकडा २० वर आला होता, हाडाशी फरक १० च्या आत. आणि मी तीन परिच्छेद मिठाच्या कणावर लिहिले होते!

तक्रारी आणखीही आहेत, पण किरकोळ. मोठा आवाज थोपवणारा रिकिबीचा स्नायू कापला गेल्यामुळे भांडं पडलं की डाव्या कानात टाचणी टोचते. प्लास्टिकच्या पिशवीचा पहिले दोन महिने इतका त्रास की कुणी उघडायला घेतली की मी खोलीबाहेर. एक सवलतही गेली. पूर्वी गोंगाटात मला इतरांपेक्षा बरं ऐकू यायचं, कारण गोंगाट मला कमी पोचायचा आणि बाकीचे ओरडून बोलायचे. विलिस नावाच्या डॉक्टरांनी सतराव्या शतकातच हे नोंदवून ठेवलंय. आता गोंगाट सगळ्यांसारखाच माझ्याही वाट्याला. शिवाय माझा स्वतःचा आवाज मला आतून मोठा वाटायचा म्हणून मी कुजबुजायचे. आता घरचे म्हणतात, जरा हळू.

चव सातव्या महिन्यात परतू लागली. आधी आंबट, मग मीठ. एका सकाळी डावीकडचा कणही खारट लागला आणि मी लगेच दुसरा ठेवून खात्री केली. आज नव्वद टक्के आहे असं धरते. टोकाला अजून थोडा बधिरपणा. तारे चार. पाचवा त्या एका ओळीपायी कापलाय.

उजव्या कानाचं काय, तर डॉक्टरांना म्हटलं, आधी डावी जीभ पुरती येऊ दे. दोन्हीकडच्या नसा रुसल्या तर तुलना करायला बाजूच उरणार नाही. यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे, सहा महिने थांबू." तोवर उजव्या कानात मशीन आहेच. आज सकाळीच नवीन सेल घातला. स्टिकर काढून दोन मिनिटं उघडा ठेवला, हवा नीट जाऊ दे म्हणून, आणि घड्याळात बघून तारीख डबीच्या झाकणावर लिहिली.