किटकारचा डॅशबोर्ड: गेज कुठे, स्विच कुठे (काही महिने चालवल्यानंतर)

गेल्या मे महिन्यात आमच्या किटकारला (सुटे भाग आणून घरी बांधलेल्या गाडीला) नंबर मिळाला आणि तेव्हापासून ती बऱ्यापैकी नियमित चालते आहे. गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीची: दोन माणसे, दारे नाहीत, छप्पर असून नसल्यासारखे. मूळ सेव्हन १९५७ ची. तिचे हक्क १९७३ पासून केटरहॅमकडे आहेत, पण त्याच बेताच्या गाड्यांचे किट विकणारे इंग्लंडात आणखीही बरेच आहेत. माझ्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून आले. सस्पेन्शन कसे बसवायचे, ब्रेकचे पाइप कुठून न्यायचे हे किटवाले सांगतात. डॅशबोर्डचा पत्रा मात्र कोरा येतो, म्हणून फक्त त्याबद्दलच लिहितो.

कोरा पत्रा मिळाला की माणूस आधी चित्र काढायला बसतो. सारख्या अंतरावर सहा गोल तबकड्या, खाली टॉगल (छोट्या दांडीच्या) स्विचची शिस्तीतली रांग. कागदावर झकास दिसते. पण कागदावर काढताना आपण खुर्चीत मोकळे बसलेलो असतो आणि गाडीत चारपदरी हार्नेसने, म्हणजे रेसिंगच्या चार पट्ट्यांच्या बेल्टने, सीटला आवळलेले. साध्या सीटबेल्टमध्ये खांदा पुढे येतो, हार्नेसमध्ये येत नाही. त्यामुळे हाताचा पल्ला चांगलाच कमी होतो आणि डॅशबोर्डचा मधला भाग, जिथे सगळे हौसेने स्विच लावतात, तो बोटांच्या टोकाशी किंवा त्याच्याही पलीकडे जातो.

म्हणून सीट आणि स्टीअरिंग कायमचे बसेपर्यंत मी पत्र्याला भोक पाडले नाही. हार्डबोर्डचा डॅशबोर्ड कापून जागेवर लावला, हार्नेस पूर्ण घट्ट केला, हातात ग्लोव्ह्ज घातले आणि खडूने दोन्ही हातांच्या पल्ल्याचे कंस काढले. चालत्या गाडीत लागणारे सगळे कंसाच्या आत: इंडिकेटर, हॉर्न, डिपर, वायपर, हॅझर्ड. गाडी उभी करूनही चालेल असे सगळे बाहेर: हीटरचा पंखा, मागचा फॉग लॅम्प, यूएसबीचे सॉकेट. इतक्या महिन्यांनंतरही या वाटणीत बदल करावासा वाटलेला नाही, अपवाद एकच, तो पुढे येईल.

गेजचे गणित वेगळे, ते डोळ्यांचे. अशा गाडीत स्टीअरिंग लहान असते, त्यामुळे त्याची कड नेमकी तबकड्यांच्या आड येते. ८० आणि ५२ मिलिमीटरच्या कागदी चकत्या कापून मी त्या हार्डबोर्डवर सरकवत बसलो. शेवटी ८० चे दोन, म्हणजे टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा) आणि स्पीडोमीटर, स्टीअरिंगच्या वरच्या खिडकीत मावले. ५२ चे चार डावीकडे गेले: आधी तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान, मग पेट्रोल आणि व्होल्टमीटर. दाबाचा आणि तापमानाचा गेज बसवताना तबकडी थोडी फिरवून घेतली आहे, म्हणजे सगळे ठीक असले की दोन्ही काटे सरळ वर असतात. रेसिंगवाल्यांची ही जुनी युक्ती. आकडे तिरके दिसतात म्हणून पाहुणे हसतात, पण आकडा वाचण्याची वेळच येत नाही.

तरीही काट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. दुपदरी रस्त्यावर वळणात शिरताना तेलाचा दाब कोण बघतो? इंजिनच्या ब्लॉकमधून टी-जोड काढून एका बाजूला गेजचा सेंडर (माप घेऊन गेजला कळवणारा भाग) आणि दुसऱ्या बाजूला साधा प्रेशर स्विच लावला आहे. त्या स्विचवर चालणारा लाल दिवा टॅकोमीटरच्या अगदी डोक्यावर आहे. काटा कुतूहलासाठी, दिवा इंजिन वाचवण्यासाठी. (एमएक्स-५ चा मूळ गेज वापरून पैसे वाचवायचा विचार असेल तर थांबा. १९९५ पासूनच्या गाड्यांत तो नावापुरता आहे, आत नुसता चालू-बंद स्विच आहे आणि काटा एका ठरलेल्या जागी जाऊन बसतो.) दुसऱ्या कंपनीचे गेज घेताना सेंडरही जोडीचाच घ्या. पेट्रोलच्या टाकीतले काही सेंडर (टाकी रिकामी ते भरलेली) १० ते १८० ओहमचे असतात, काही उलटे, २४० ते ३३ चे. यांची सरमिसळ झाली की टाकी रिकामी होईल तसा काटा वर चढतो.

आता तपासणीबद्दल. घरी बांधलेली गाडी इथे ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणायची तर डीव्हीएसए या सरकारी संस्थेची आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीच्या मंजुरीची, तपासणी पास व्हावी लागते. डॅशबोर्डच्या दृष्टीने तिचा मुख्य रोख असा की १६५ मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे टेकू शकतो तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोलवलेली हवी. डोके आपटले तर काय होईल, हा त्यामागचा विचार. स्टीअरिंगच्या समोरचा आणि त्याच्या परिघाबाहेरचा १२७ मिलिमीटरचा पट्टा यातून वगळलेला आहे. त्यामुळे टोकदार टॉगल हवेच असतील तर त्यांची जागा तीच. बाकी ठिकाणी मी चपटे रॉकर (घरातल्या बटणासारखे दाबायचे) स्विच लावले. टॉगलची ऐट त्यांना नाही, पण थंडीत ग्लोव्ह्ज घालून रॉकर दाबणे सोपे जाते आणि चुकून कोपर लागून चालू होत नाही.

सगळ्यात जास्त डोके मी इंडिकेटरवर खर्च केले. मी राहतो मिल्टन कीन्समध्ये, आणि या गावात चौकाचौकाला राउंडअबाउट आहे. राउंडअबाउटला येताना डावा हात गिअरवर असतो, ब्रेक, खालचा गिअर आणि इंडिकेटर सगळे एकाच वेळी. मग इंडिकेटर उजव्या हाताला का नसावा? पुण्यात मारुतीवर शिकलेल्या माझ्या हाताला तर तो उजवीकडेच सवयीचा. म्हणून तीन स्थितींचा टॉगल स्टीअरिंगच्या उजव्या कडेलगत, बोट लांबवले की लागेल असा बसवला. चाक न सोडता तो दाबता येतो. गैरसोय अशी की तो आपोआप परत येत नाही, आणि उघड्या गाडीत रिलेची टिकटिक ऐकू येत नाही. त्यावर उपाय म्हणून हिरवा दिवा मोठा घेतला आणि एक बझर जोडला. बझर बायकोला अजिबात आवडत नाही. तिचे म्हणणे, गाडी रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकसारखी वाजते. आहे खरे तसे, पण इंडिकेटर चालू राहून मागच्याची दिशाभूल होण्यापेक्षा बरे.

रात्रीचा अनुभव वेगळाच निघाला. हायबीमचा निळा दिवा एलईडीचा आहे आणि गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर तो डोळ्यांत घुसतो. त्यावर काळपट पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवला, दिवा दिसतो पण टोचत नाही. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा थोडा वर सरकायचा. इंजिन तापत नव्हते, अर्थिंग खराब होते: दिवे आणि गेज एकाच बारीक वायरवर अर्थ होत होते. गेजना स्वतंत्र जाड अर्थ दिल्यावर काटा जागेवर राहिला. दिवसा मात्र एक गोष्ट सुधारता येण्यासारखी नाही. स्पीडोमीटरमधला ओडोमीटर एलसीडीचा आहे आणि पोलराइज्ड गॉगल लावून मान जरा तिरकी केली की तो कोरा होतो. उघड्या गाडीत गॉगल लागतोच, तेव्हा गेज घेताना स्वतःचा गॉगल घालून बघून घ्या.

पाऊस. रबरी टोपीचे किंवा आयपी६७ दर्जाचे (धूळ-पाणी आत न जाणारे) स्विच महाग वाटतात, पण दार नसलेल्या गाडीत पाणी बाजूने येते आणि सरळ उजव्या कडेच्या स्विचवर पडते. माझे सगळे अजून चालू आहेत.

अपवाद म्हटला तो हीटरच्या पंख्याचा. तो ‘गाडी उभी करून लावायचा’ म्हणून पार डाव्या टोकाला टाकला होता. पण सेव्हनची पुढची काच उभी आणि लहान, आणि ओल्या सकाळी ती आतून मिनिटाभरात धुरकटते, नेमकी चालत असतानाच. हिवाळ्यात मला दर वेळी शेजारच्याला ‘पंखा लाव’ सांगावे लागले, आणि एकटा असलो तर गाडी बाजूला घ्यावी लागली. यूएसबीचे सॉकेट आणि पंख्याचा स्विच एकाच मापाच्या भोकात बसतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल करणार आहे. वायर पुरेल, तेव्हा जोडताना थोडी जास्तच सोडली होती.